मिग-२१ : ओझरच्या विमानाचा थोरला भाऊ

महाराष्ट्रात ओझर नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात. तेथे अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे देऊळ आहे. दुसरे नाशिकजवळ, निफाड तालुक्यात. दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणून नाशिककडच्या गावाला लोक 'ओझर मिग' म्हणतात. एका रशियन विमानाचे नाव असे द्राक्षांच्या मळ्यांमधल्या एका मराठी गावाला कायमचे चिकटले. ते विमान म्हणजे मिग-२१.

हे सगळे आठवायचे कारण आपल्या वर्गाची सहल. डलेस विमानतळाजवळ, व्हर्जिनियात, स्मिथसोनियनचे उदवार-हाझी केंद्र आहे. २००३ साली उघडलेल्या त्या अवाढव्य दालनात डिस्कव्हरी हे अंतराळयान आहे, काँकॉर्ड आहे, काळेकुट्ट एसआर-७१ आहे. त्या गर्दीत एक बारकेसे, चंदेरी, चिरुटासारखे विमान उभे आहे. बहुतेक मुले त्याच्याकडे न बघताच पुढे पळाली. मी मात्र थांबलो. तेवढ्यात आपल्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "काका, हे बॅड गाइजचं विमान ना?"

मी "हो" म्हणालो, मग "तसं नाही गं" म्हणालो, आणि मग सगळ्यांना बसकडे पळायचे होते म्हणून उत्तर अर्धेच राहिले. ते उरलेले उत्तर आता लिहितो आहे. माझे मामा ओझरच्या कारखान्यात १९७४ साली फिटर म्हणून लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. त्यांच्या घरात हे विमान कधीच 'बॅड गाइज'चे नव्हते.

आधी नावाचे पाहू. आर्तेम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच या दोन विमानरचनाकारांच्या आडनावांवरून मिग हे नाव आले. रशियन भाषेत 'इ' म्हणजे 'आणि'. म्हणजे मिकोयानचा म, गुरेविचचा ग, आणि मधली वेलांटी म्हणजे 'आणि'! वेलांटीला अर्थ असलेला दुसरा शब्द मला तरी माहीत नाही.

कोरियाच्या युद्धात (१९५० ते १९५३) रशियन आणि अमेरिकन जेट विमाने पहिल्यांदा समोरासमोर आली. त्यानंतर दोन्ही देशांना एकच ध्यास लागला, तो वेगाचा. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे लढाऊ विमान हवे. आवाजाच्या वेगाला माख १ म्हणतात. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाचे ते नाव. जमिनीलगत हा वेग ताशी सुमारे १२२५ किलोमीटर असतो, आणि उंचावरच्या थंड हवेत तो १०६० च्या आसपास उतरतो. अमेरिकेत लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन यांनी एफ-१०४ स्टारफायटर बनवले. रशियात मिकोयान यांच्या चमूने १९५५-५६ मध्ये मिग-२१ चे पहिले नमुने उडवले. आखूड, बारीक आणि हलके विमान, त्यात जमेल तेवढे मोठे इंजिन, असा दोघांचाही हिशोब. स्टारफायटरचे पंख इतके छोटे की ते पंख आहेत की सुरीची पाती असा प्रश्न पडावा. मिगचे पंख त्रिकोणी. समोसा आडवा धरून त्याचे टोक पुढे केले की आकार कळेल, फक्त हा समोसा पापडाइतका पातळ आहे.

आता संग्रहालयातल्या विमानाचे नाक आठवा. पुढे गोल तोंड आहे आणि त्यातून एक शंकू बाहेर डोकावतो. मुलांना वाटते तो शोभेचा आहे किंवा तेथून काहीतरी उडते. तसे नाही. त्या शंकूशिवाय हे विमान माख २ गाठूच शकले नसते.

विमान आवाजापेक्षा हळू जात असते तेव्हा पुढच्या हवेला त्याची आधीच वर्दी मिळते, कारण वर्दी म्हणजे हवेतला दाब आणि तो आवाजाच्या वेगाने पुढे पळतो. हवा बाजूला सरकून वाट करून देते. पण विमान आवाजापेक्षा वेगाने निघाले की ते स्वतःच्या वर्दीच्याही पुढे असते. हवेला सरकायला वेळ मिळत नाही, ती एकदम दाबली जाते आणि एक लाट उभी राहते. वेगाने जाणाऱ्या होडीच्या टोकापुढे पाण्याची तिरकी घडी पडते ना, तशीच. या लाटेला आघात-लाट म्हणू. आता अडचण अशी की, जेट इंजिनाच्या आतली पाती आवाजापेक्षा हळू येणारी हवाच नीट पकडू शकतात. म्हणजे विमान पळणार माख २ ने, पण इंजिनाच्या दारात पोचणारी हवा माख १ च्या खाली हवी! हे काम तो शंकू करतो. त्याच्या टोकापासून एक तिरकी लाट निघते, तिच्यातून जाताना हवा थोडी मंदावते. तोंडाशी दुसरी लाट असते, तेथे आणखी मंदावते. दोन टप्प्यांत वेग उतरवला की फार शक्ती वाया जात नाही, एकदम उतरवला तर जाते. वेग बदलला की लाटेचा कोन बदलतो, म्हणून शंकू मागेपुढे सरकतो. व्हर्जिनियातल्या विमानाचा प्रकार एफ-१३. त्यात शंकूच्या तीन जागा ठरलेल्या आहेत. माख १.५ पर्यंत आत, त्यापुढे मधल्या जागी, आणि माख १.९ च्या वर पूर्ण बाहेर. पुढच्या आवृत्त्यांमध्ये शंकू मोठा झाला, कारण त्याच्या पोटात रडार बसवायचे होते. छोटा शंकू दिसला की समजावे, हा घरातला थोरला भाऊ.

शेपटीकडे दुसरी युक्ती आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत अजून पुष्कळ प्राणवायू शिल्लक असतो. त्यात पुन्हा इंधन फवारून पेटवले की जोर एकदम जवळजवळ दीडपट होतो. याला आफ्टरबर्नर म्हणतात. या विमानाच्या तुमान्स्की इंजिनाचा जोर ३८८० किलोवरून ५७४० किलोवर जातो. पण इंधन नळ उघडा टाकल्यासारखे संपते. मिग-२१ चे पोट लहान. वर जायचे, गाठायचे, मारायचे आणि परतायचे, एवढेच त्याचे काम. लांबच्या प्रवासाचे ते विमान नव्हे.

आणि त्रिकोणी पातळ पंखाची किंमत उतरताना मोजावी लागते. वेगात तो पंख उत्तम, पण हळू जाताना तो फारसा उचलून धरत नाही. त्यामुळे मिग-२१ ला नाक वर करून, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीवर टेकावे लागे. टेकल्यावर शेपटीकडून छत्री उघडून ते थांबवायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेची आणि या विमानाची गाठ व्हिएतनाममध्ये पडली. १९६६ पासून उत्तर व्हिएतनामचे मिग-२१ अमेरिकन विमानांवर मागून झडप घालून पसार होऊ लागले. अमेरिकेचे एफ-४ फँटम आकाराने केवढे तरी मोठे, दोन इंजिनांचे, दोन माणसांचे. पण आता क्षेपणास्त्रांचा जमाना आहे, तोफ कशाला, असे म्हणून सुरुवातीच्या फँटमवर तोफच बसवली नव्हती. जवळच्या झटापटीत ते फार जड गेले. अमेरिकेच्या नौदलाने १९६९ साली मिरामार येथे टॉपगन नावाची शाळा काढली ती याच धक्क्यातून. तुम्ही सगळ्यांनी सिनेमा पाहिला आहे, त्याचे मूळ येथे आहे. संग्रहालयाच्या त्याच दालनात एक फँटम उभा आहे. त्याने १९७२ च्या जूनमध्ये व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ एक मिग-२१ पाडले होते. आता तो फँटम आणि पाडलेल्याचा हा भाऊबंद एकाच छपराखाली शेजारधर्म पाळत उभे आहेत.

मिग-२१ कसे आहे हे कळावे म्हणून अमेरिकेने काय काय केले ती गोष्ट सिनेमापेक्षा सुरस आहे. १६ ऑगस्ट १९६६ रोजी मुनीर रेदफा नावाचा इराकी वैमानिक आपले मिग-२१ घेऊन थेट इस्रायलमध्ये उतरला. इस्रायलने ते विमान पुढे अमेरिकेला उसने दिले आणि १९६८ साली नेवाडाच्या वाळवंटात त्याची कसून परीक्षा झाली. पुढे टोनोपाह येथे अमेरिकन वैमानिकांची एक गुप्त तुकडीच मिग विमाने उडवत होती, म्हणजे आपल्या पोरांना 'शत्रू'शी खेळून सराव व्हावा. ही गोष्ट २००६ साली उघड झाली.

उलट बाजूची गोष्टही ऐका. मिग-२१ च्या पंखाखाली जे क्षेपणास्त्र लावत, ते अमेरिकेच्या साइडवाइंडरची नक्कल होती. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर एका चिनी मिग-१७ ला साइडवाइंडर लागले, पण फुटले नाही. ते अंगात रुतवूनच विमान घरी परतले! तेथून ते रशियनांकडे गेले आणि त्यांनी हुबेहूब तसे बनवले. तेव्हा कोण गुड आणि कोण बॅड हे ठरवण्यापूर्वी कोणी कोणाच्या वहीतून उतरवले तेही पाहावे लागेल.

आता भारताकडे येऊ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाकिस्तानला अमेरिकेकडून स्टारफायटर मिळाले. भारतालाही तसेच विमान हवे होते. रशियाने मिग-२१ नुसते विकायची नाही, तर भारतात बनवू द्यायचीही तयारी दाखवली आणि १९६२ साली भारताने ते घ्यायचे ठरवले. १९६३ मध्ये चंदीगडला २८ क्रमांकाची तुकडी उभी राहिली, दिलबाग सिंग तिचे प्रमुख. हेच पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. भारताकडे आलेली पहिली सहा विमाने एफ-१३ प्रकारची होती, म्हणजे अगदी व्हर्जिनियात उभे आहे तीच जात. त्या मुलीला मी हे तेव्हाच सांगायला हवे होते.

कारखाने तीन ठिकाणी निघाले. इंजिन ओरिसातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले होते आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. त्यांच्याच कारकिर्दीत ओझरचा कारखाना आला. नाशिकचे जुने लोक या दोन गोष्टी एका दमात सांगतात. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, ही कंपनी झाली. सुरुवातीला रशियाहून सुटे भाग येत आणि ओझरला जोडले जात. मग हळूहळू भागही येथेच बनू लागले. मिग-२१ एफएल, मग एम, मग बिस अशा तीन पिढ्या ओझरने काढल्या. भारताने वापरलेल्या ८७० हून अधिक विमानांपैकी साडेसहाशेच्या आसपास एचएएलच्या हातची.

मामा रिव्हेट ठोकायचे. पंखाच्या पत्र्यावर रिव्हेटचे डोके केसभरही वर राहता कामा नये, कारण त्या वेगात हवेला तेवढाही खडा सलतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ओझरला जात असू तेव्हा जेवताना मामा कोशिंबिरीची वाटी बाजूला सारून ताटाच्या काठावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "असं लागलं पाहिजे, गुळगुळीत." कारखान्यातले बाकी काही ते घरी सांगत नसत. सांगायची परवानगीच नव्हती. विमान चाचणीला वर गेले की खिडक्यांची तावदाने थरथरत आणि मामी पोळी लाटता लाटता थांबून म्हणायच्या, "गेलं तुझ्या मामाचं."

१९७१ च्या युद्धात या विमानाने नाव काढले. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर भारत भूषण सोनी यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानचा एक स्टारफायटर पाडला. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी एकाच कोड्याची दोन उत्तरे म्हणून जन्मलेली ती दोन विमाने अखेर जामनगरजवळ समोरासमोर आली. गंमत अशी की, सोनींनी ते तोफेने पाडले. आणि एफएल प्रकारातही मुळात तोफ नव्हतीच, ती पोटाखाली वेगळी टांगावी लागे. फँटमवाल्यांची चूक रशियनांनीही केली होती. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटे डागली, त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला.

येथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची तितकी नाही.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. तोवर मिग विमानांचे ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ सामान्य नागरिक गेले होते. वर्तमानपत्रे या विमानाला 'उडती शवपेटी' म्हणू लागली. मला तो शब्द आवडत नाही, पण आकडे खरे आहेत.

का झाले असे? एक कारण तुम्ही वर वाचले आहे, उतरण्याचा वेग. दुसरे, इंजिन एकच. पक्षी आत गेला किंवा इंजिन बंद पडले तर आखूड पंखांचे हे विमान दगडासारखे खाली येते. तिसरे, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि सुटे भाग मिळणे अवघड झाले. पण माझ्या मते सगळ्यांत मोठे कारण विमानाच्या बाहेर होते. नवा वैमानिक किरणसारख्या संथ, प्रेमळ सराव-विमानावर शिकायचा आणि तेथून एकदम मिग-२१ वर यायचा. जणू सायकल शिकवून झाल्यावर थेट शर्यतीची मोटार हातात दिली. मधली पायरी, म्हणजे वेगवान सराव-विमान हवे, हे ला फाँतेन समितीने १९८२ सालीच सांगितले होते. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षे! तेवढ्यात तुमच्यापैकी कोणी जन्मून, शिकून पदवीधर होईल. शिवाय मिगच्या जागी जे भारतीय विमान यायचे होते, त्या तेजसचा प्रकल्प १९८३ मध्ये सुरू झाला आणि त्याची पहिली तुकडी २०१६ मध्ये उभी राहिली. तोवर म्हाताऱ्या मिगलाच पुन्हा पुन्हा दुरुस्त करून पळवावे लागले.

मी संगणकाचे कार्यक्रम लिहितो. आमच्याकडे काही बंद पडले की पहिला फोन येतो तो "वापरणाऱ्याने चुकीचे बटण दाबले" असा. तपासून पाहिले की बऱ्याचदा दिसते, आम्ही बटणच अशा जागी ठेवले होते की ते चुकून दाबले जावे. विमानाच्या अपघातातही 'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द लिहायला फार सोपे असतात, कारण उत्तर द्यायला तो नसतो. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा मराठी तरुण मिग-२१ च्या अपघातात गेला. दोष वैमानिकाकडे वळला तेव्हा त्याच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, तो मुकाट्याने स्वीकारला नाही. त्या आणि त्यांचे पती, जे स्वतः हवाई दलातले निवृत्त अधिकारी, यांनी वर्षानुवर्षे प्रश्न विचारले आणि पुढे वैमानिकांना नीट शिकता यावे म्हणून पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट सुरू केली.

हे फक्त भारताचे किंवा रशियन विमानाचे दुखणे होते असेही समजू नका. पश्चिम जर्मनीने स्टारफायटर घेतले ९१६, त्यांतले २९२ अपघातात गेले आणि शंभराहून अधिक वैमानिकही. वेगाच्या हट्टापायी बनवलेली दोन्ही विमाने शिकाऊ हातांना सारखीच कडक होती.

मामा पेपर वाचायचे तेव्हा अपघाताची बातमी आली की आधी विमानाचा प्रकार बघायचे. एम की बिस? मग वर्ष कोणते असेल याचा मनात हिशोब करायचे. बातमीत कारण दिलेले नसायचेच. चहा तसाच थंड व्हायचा. "आपल्या हातचं होतं का हे कधीच कळत नाही," एवढेच एकदा म्हणाले होते.

या विमानाचे शेवटचे रूप म्हणजे बायसन. जुन्याच सांगाड्यात नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे; सव्वाशेच्या आसपास विमाने अशी सुधारली, तीही बहुतेक ओझरलाच. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अभिनंदन वर्धमान ज्या विमानातून पाकिस्तानच्या हद्दीत पडले आणि दोन दिवसांनी परत आले, ते बायसनच. अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला, जेथे १९६३ मध्ये सुरुवात झाली त्याच ठिकाणी, भारताने मिग-२१ ला निरोप दिला. हवाई दलाचे प्रमुख ए. पी. सिंग त्या दिवशी स्वतः ते उडवत होते. बासष्ट वर्षे! जगात सगळी मिळून अकरा हजारांवर मिग-२१ बनली आणि साठेक देशांनी ती वापरली. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरहून तेथे बनलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले.

पुढच्या वेळी उदवार-हाझीला गेलात तर एवढे पाहा. नाकातला शंकू केवढा आहे. नाकाखालून पुढे आलेली दांडी; ती वेग मोजायची. वैमानिकावरचे काचेचे झाकण कोणत्या बाजूला उघडत असेल (उत्तर: पुढे). पंखाची जाडी. आणि मग जरा वाकून पंखाचा पत्रा तिरक्या उजेडात बघा. हात मात्र लावू नका, रखवालदार ओरडतो.

मी त्याच पंखाचा जवळून फोटो काढून मामांना पाठवला होता. आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मामेबहिणीने फोनवर मोठा करून दाखवला. पुष्कळ वेळ पाहिल्यावर म्हणाले, "रशियन काम आहे. रिव्हेट बरे आहेत. आमचे याहून गुळगुळीत असायचे."